परके रेपो मिसळून बिघडलेलं लिनक्स कसं सावरायचं

कर्वेनगर-कोथरूड भागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांचे जे लॅपटॉप माझ्यासमोर येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची कहाणी सारखीच असते. डेबियन किंवा उबंटू हे लिनक्सचं डिस्ट्रो (तयार संच) छान चालू असतं. सायबर सिक्युरिटीच्या प्रॅक्टिकलसाठी एखादं टूल हवं असतं आणि ते काली या सिक्युरिटीच्या टूलसाठीच्या डिस्ट्रोत आहे असं कळतं. मग एखादा व्हिडिओ बघून कालीच्या रेपोची (जिथून सॉफ्टवेअरची पॅकेजं उतरतात त्या साठ्याची) ओळ सोर्सेसच्या फाइलमध्ये टाकली जाते. टूल मिळतं, पण ओळ तिथेच राहते. काही दिवसांनी पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या ॲप्ट या टूलने नेहमीसारखं 'ॲप्ट अपग्रेड' होतं, शेकडो पॅकेजं खाली उतरतात आणि मध्येच काहीतरी अडकतं. त्यानंतर डेस्कटॉप येत नाही, वायफाय दिसत नाही, आणि प्रत्येक कमांडला 'अनमेट डिपेंडन्सीज'चं, म्हणजे लागणारी पॅकेजं जुळत नसल्याचं, उत्तर मिळतं. "दादा, एकच टूल टाकलं होतं," असं मुलं म्हणतात, आणि ते खरंच असतं.

अशी मशीनं बहुतेक वेळा वाचतात. ती हातची जातात ती घाईने मारलेल्या 'फोर्स'च्या कमांडमुळे. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: मागे जायचं की पुढे, हे आधी ठरवायचं आणि मग कीबोर्डला हात लावायचा. दिशा ठरली की कमांड मोजक्याच लागतात.

घोळ होतो कसा

ॲप्टला डिस्ट्रोची निष्ठा वगैरे काही नसते. साध्या रेपोतल्या प्रत्येक आवृत्तीला ते ५०० ही प्रायॉरिटी देतं, आणि प्रायॉरिटी सारखी असली की मोठा आवृत्ती क्रमांक जिंकतो. डेबियन १२ म्हणजे बुकवर्म, जून २०२३ मध्ये आलेलं. काली हे डेबियन टेस्टिंगवर उभं असलेलं, सतत बदलणारं रोलिंग डिस्ट्रो. दोघांना एका यादीत बसवलं की जवळजवळ प्रत्येक पॅकेजमध्ये कालीचा क्रमांक मोठा ठरतो आणि 'अपग्रेड' निमूटपणे सगळं तिकडचं उचलतं. डेबियन स्टेबलमध्ये सिडची (डेबियनच्या अस्थिर शाखेची) ओळ टाकणं, उबंटू २२.०४ वर २४.०४ साठी बांधलेला पीपीए (उबंटूसाठी कुणी वेगळा चालवलेला रेपो) लावणं, डेबियनवर उबंटूचा पीपीए लावणं, या सगळ्यांत हाच प्रकार घडतो.

खरा पेच लिबसी६ या पॅकेजचा. जीलिबसी ही सी भाषेची मूळ लायब्ररी त्यात असते आणि सिस्टिममधला जवळपास प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर चालतो. बुकवर्ममध्ये ती २.३६ आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ट्रिक्सीमध्ये २.४१. उबंटू २२.०४ मध्ये २.३५, तर २४.०४ मध्ये २.३९. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या जीलिबसीवर सहसा चालतो. उलटं मात्र होत नाही. 'जीलिबसी_२.३८ नॉट फाउंड' असा संदेश दिसला, तर नव्या जीलिबसीसाठी बांधलेला प्रोग्राम जुन्या जीलिबसीवर चालवायचा प्रयत्न झालेला आहे, एवढं नक्की.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. उबंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये ३२-बिट यंत्रांवरच्या २०३८ सालच्या घड्याळाच्या अडचणीसाठी अनेक लायब्ररी पॅकेजांची नावं बदलली आणि शेवटी 'टी६४' जोडलं गेलं. लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं. उबंटू २२.०४ किंवा बुकवर्मवर असं 'टी६४'वालं नाव दिसलं, की ते पुढच्या पिढीच्या रेपोतून आलंय हे समजायला दुसरा पुरावा लागत नाही.

हात लावण्याआधी

लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल, तर हे काम गुरुवारी काढू नका. पुण्यात देखभालीसाठी वीज घालवायचा तो वार, आणि पॅकेजं उलगडली जात असताना वीज गेली तर आहे त्या घोळात आणखी अर्धवट पॅकेजांची भर पडते.

मग बाहेरच्या डिस्कवर तीन गोष्टी उतरवून घ्या: तुमचं होम फोल्डर, सेटिंगचं पूर्ण /ईटीसी, आणि /व्हार/लिब/डीपीकेजी (डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या खाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारं टूल, त्याच्या नोंदी इथे असतात). प्रोजेक्टचा रिपोर्ट जर फक्त याच मशीनवर असेल, तर तो उतरल्याशिवाय पुढची एकही ओळ वाचू नका. डेस्कटॉप येत नसला तरी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळी कन्सोल मिळते. लॉगिन करून तिथूनही पेन ड्राइव्हवर कॉपी करता येतं. पेन ड्राइव्ह दोन असलेले बरे, कारण एक लाइव्ह यूएसबीसाठी, म्हणजे ज्यावरून लिनक्स थेट सुरू होतं त्यासाठी, लागू शकतो. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चक्कर मारायची असेल तर हीच वेळ.

नेमकं काय घडलं ते /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग मध्ये लिहिलेलं असतं. कुठल्या दिवशी, कुठल्या कमांडने, कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर गेलं, हे सगळं त्यात मिळतं. मुलांच्या आठवणीपेक्षा माझा या फाइलवर जास्त विश्वास आहे. शेवटच्या मोठ्या नोंदीत 'रिमूव्ह:' नंतर काय काय आहे ते कागदावर उतरवून ठेवा. डेस्कटॉप किंवा नेटवर्क मॅनेजर का गायब झालं याचं उत्तर तिथेच सापडतं.

पुढच्या कमांडमधले पर्याय शक्य तिथे पूर्ण शब्दांचे दिलेत. एकेका अक्षराचे पर्याय घाईत चुकतात.

आधी परका रेपो बंद

नेटवरच्या बहुतेक उत्तरांत पहिली कमांड 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' ही असते. ती वाईट नाही, पण ती कुठल्या दिशेने दुरुस्ती करेल हे त्या क्षणी कुठले रेपो चालू आहेत त्यावर ठरतं. परका रेपो चालू असताना ती मारलीत, तर ॲप्ट तुटलेले धागे जुळवायला आणखी परकी पॅकेजं आणेल. घरचा रेपो एकटाच चालू असेल, तर ते परकी पॅकेजं आणि त्यांच्यावर अवलंबून असलेलं सगळं काढून टाकायचं म्हणू शकेल. म्हणून ती आत्ता नको.

/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट ही फाइल आणि /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी हे फोल्डर, दोन्ही उघडून बघा. उबंटू २४.०४ पासून मुख्य यादी त्या फोल्डरमध्ये उबंटू.सोर्सेस या फाइलमध्ये असते, त्यामुळे जुनी फाइल रिकामी दिसली तर घाबरू नका. परकी ओळ पुसू नका. तिच्या सुरुवातीला # लावा. नव्या प्रकारच्या फाइलमध्ये त्या गटात 'एनेबल्ड: नो' लिहा. /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी मध्ये कुणी आधी काही पिनिंग (रेपोंना हाताने प्रायॉरिटी देणं) करून ठेवलंय का तेही पाहा. मग:

सुडो ॲप्ट अपडेट

ही कमांड फक्त याद्या ताज्या करते, पॅकेजांना हात लावत नाही. आता मोजदाद:

ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड | ग्रेप लोकल

ज्या पॅकेजपुढे 'इन्स्टॉल्ड, लोकल' आलंय, त्याची बसवलेली आवृत्ती चालू असलेल्या कुठल्याच रेपोत नाही. हीच परक्यांची यादी, ती फाइलमध्ये साठवा. क्रोमसारखं हाताने डाउनलोड करून टाकलेलं एखादं पॅकेजही यात दिसेल. त्याला मोजायचं नाही. सोबत

सुडो डीपीकेजी --ऑडिट

ही कमांड अर्धवट राहिलेली पॅकेजं दाखवते. 'डीपीकेजी --लिस्ट' मध्ये धड पॅकेजपुढे 'आयआय' असतं. 'आययू' म्हणजे फाइली उलगडल्या पण मांडणी बाकी, आणि 'आयएफ' म्हणजे मांडणी मध्येच फसली. अर्धवट पॅकेजं असतील तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर --पेंडिंग' चालवून बघायला हरकत नाही, कारण ही कमांड नवं काही आणत नाही. तिच्यात जे अडकेल ते अडकू द्या.

मागे की पुढे

आता एकच कमांड, आणि तिचं उत्तर सावकाश वाचायचं:

ॲप्ट पॉलिसी लिबसी६

बुकवर्मवर हे उत्तर असं दिसू शकतं. 'इन्स्टॉल्ड' पुढे २.४१ ने सुरू होणारा आकडा, 'कँडिडेट' (ॲप्ट निवडेल ती आवृत्ती) पुढेही तोच, आणि खाली आवृत्त्यांच्या तक्त्यात दोन नोंदी. २.४१ च्या खाली १०० आणि /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस, म्हणजे ही आवृत्ती फक्त तुमच्या मशीनवर आहे. २.३६ च्या खाली ५०० आणि डेबियनचा पत्ता. घरच्या आवृत्तीची प्रायॉरिटी जास्त असूनही कँडिडेट २.४१ च राहतो, कारण प्रायॉरिटी १००० च्या खाली असेल तर ॲप्ट बसवलेलं पॅकेज आपणहून कधीच खाली उतरवत नाही. 'रेपो काढला, अपडेट केलं, तरी काहीच बदललं नाही' या तक्रारीचं मूळ इथे आहे.

लिबसी६ अजून घरचंच असेल आणि परक्यांची यादी पाच-पन्नास पॅकेजांची असेल, तर मागे जा. ते सोपं आहे.

लिबसी६ पुढे गेलेलं असेल तर मागे जाण्याचा हट्ट माझ्या मते धरू नये. नव्या जीलिबसीवर बांधलेली शेकडो पॅकेजं मशीनवर असताना ती एकटी खाली ओढली, तर मध्येच खुद्द डीपीकेजी, टार किंवा पर्ल चालायचं थांबू शकतं, आणि मग उरलेलं काम करायला हत्यारच उरत नाही. डाउनग्रेडला डेबियनचा अधिकृत आधारही नाही. पॅकेजांमधल्या स्क्रिप्ट वर जाण्याचा विचार करून लिहिलेल्या असतात. त्यामुळे बुकवर्मवर ट्रिक्सीची पॅकेजं आली असतील तर पूर्ण ट्रिक्सीवर जा. ट्रिक्सी आता स्टेबलच आहे, यात तुमचा फायदाच आहे. काली मिसळलं असेल, किंवा डेबियनवर उबंटू, तर पुढे जायला धड ठिकाण नाही. तिथे यादी घेऊन नव्याने बसवणं हाच कमी वेळाचा आणि भरवशाचा रस्ता.

ऑफिसचा लॅपटॉप असेल, हिंजवडीचा असो की खराडीचा, तर इथेच थांबून आयटीवाल्यांना सांगा. त्यातल्या डिस्क एन्क्रिप्शनची आणि एजंट सॉफ्टवेअरची जबाबदारी तुमच्यावर घेऊ नका.

मागे जाताना

उबंटू किंवा मिंटवर एखाद्या पीपीएने घोळ केला असेल, तर पीपीए-पर्ज हे छोटं टूल हेच काम करतं: पीपीए बंद करून त्यातली पॅकेजं मूळ उबंटूच्या आवृत्तीवर आणतं. ते बसवता येत असेल तर आधी तेच वापरा. त्यासाठी पीपीए चालू असावा लागतो, म्हणून आपण लावलेला # तेवढ्यापुरता काढा.

बाकी ठिकाणी पिनिंग. /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी मध्ये 'परत' नावाची फाइल करा, अर्थात नाव इंग्रजी अक्षरांत, आणि तिच्यात तीन ओळी लिहा:

पॅकेज: *
पिन: रिलीज ओ=डेबियन
पिन-प्रायॉरिटी: १००१

उबंटूवर दुसऱ्या ओळीत डेबियनऐवजी उबंटू. १००० किंवा त्याच्या वरची प्रायॉरिटी असली की ॲप्टला खाली उतरायची परवानगी मिळते.

दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. पुष्कळ ठिकाणी इथे 'एन=बुकवर्म' लिहिलेलं सापडतं आणि ते घातक आहे. सिक्युरिटी अपडेट्स 'बुकवर्म-सिक्युरिटी' या वेगळ्या नावाने येतात, त्यांना ही पिन लागत नाही आणि ती ५०० वरच राहतात. मग ॲप्ट धडधाकट, सुरक्षित केलेली पॅकेजंही जुन्या, भोकं असलेल्या आवृत्तीवर उतरवतं, आणि बाहेरून सगळं छान दिसत राहतं. 'ओ=' म्हणजे रेपोचा मूळ मालक. डेबियनच्या मुख्य आणि सिक्युरिटी, दोन्ही रेपोंचा मालक डेबियन असल्यामुळे दोन्ही सारख्या पातळीवर येतात आणि त्यांतली नवी आवृत्ती निवडली जाते. मात्र सिड किंवा टेस्टिंगची ओळ चालू राहिली असेल तर तिचाही मालक डेबियनच. म्हणून आधी ती बंद केलेली असलीच पाहिजे.

आता रंगीत तालीम:

ॲप्ट-गेट --सिम्युलेट डिस्ट-अपग्रेड

यात काहीही बदलत नाही, फक्त काय होईल ते छापलं जातं. 'इन्स्ट' ने सुरू होणाऱ्या ओळींत चौकटी कंसात आत्ताची आवृत्ती आणि गोल कंसात येणारी दिसते. त्याहून महत्त्वाच्या ओळी 'रेमव्ह' च्या. तिथे डेस्कटॉप, नेटवर्क मॅनेजर, ग्रब, कर्नल, सिस्टिमडी यांपैकी काही दिसलं तर थांबा. बहुतेक वेळा कारण एखादी लायब्ररी असते, जिचं नावच दोन पिढ्यांत वेगळं आहे. तिथे अदलाबदल हाताने सुचवायची:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबएसएसएल३ लिबएसएसएल३टी६४-

शेवटची ती आडवी रेघ चुकून राहिलेली नाही. नावाच्या शेवटी ती असली की ॲप्ट ते पॅकेज त्याच फेरीत काढतं. अशा जोड्या जुळवत, पुन्हा पुन्हा तालीम करत 'रेमव्ह'ची यादी लहान होत जाते. मी या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ देतो, आणि तुम्हीही द्यावा अशी कळकळीची विनंती आहे.

यादी पटली की 'सुडो ॲप्ट-गेट डिस्ट-अपग्रेड'. 'येस' आपोआप म्हणणारा पर्याय लावू नका. ॲप्ट-गेटने 'येस, डू ॲज आय से!' हे अख्खं वाक्य टाइप करायला सांगितलं, तर ते सिस्टिमचं अत्यावश्यक पॅकेज काढायला निघालंय. तिथून बाहेर पडा. कॉन्फिग फाइल ठेवू की बदलू असं विचारलं, तर आधी फरक दाखवायला सांगा. तुम्ही स्वतः कधी न बदललेल्या फाइलसाठी पॅकेजवाल्याची आवृत्ती घ्या.

पॅकेज मागे गेलं तरी डेटा मागे जात नाही, हे डेटाबेस असणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावं. बुकवर्ममध्ये पोस्टग्रेस १५ आहे, ट्रिक्सीमध्ये १७. १७ चा डेटा १५ उघडत नाही. डंप, म्हणजे डेटाची फाइलमध्ये उतरवलेली प्रत, आधीच काढा. फायरफॉक्सही जुन्या आवृत्तीत नवं प्रोफाइल उघडायला नकार देतो आणि वेगळं प्रोफाइल करायला सांगतो; बुकमार्क निर्यात करून ठेवले की भागतं.

उरतात ती पॅकेजं, जी घरच्या रेपोत मुळातच नाहीत. 'ॲप्ट लिस्ट' ला '?ऑब्सोलीट' असं अवतरणात देऊन विचारलं की ती दिसतात. ती एकेक बघून काढा.

पुढे जाताना

बुकवर्ममधून ट्रिक्सीवर जायचं तर सोर्सेसमधल्या सगळ्या ओळींत, सिक्युरिटीसकट, बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहा. 'स्टेबल', 'टेस्टिंग' असले शब्द नकोत. नेमकं नाव असलं की पुढची स्टेबल आली तरी मशीन आपोआप उडी मारत नाही. मग 'ॲप्ट अपडेट', त्यानंतर 'ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस', आणि शेवटी 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. प्रत्येकाआधी तालीम. 'फिक्स-ब्रोकन' लागलं तर ते याच मुक्कामावर, कारण आता सगळे रेपो एकाच दिशेचे आहेत. मोबाइल डेटावर असाल तर डाउनलोड मोठं आहे. 'फुल-अपग्रेड' ला '--डाउनलोड-ओन्ली' लावून आधी सगळं उतरवून घ्या आणि मग बसवा.

मशीन बूटच होत नसेल तेव्हा

लाइव्ह यूएसबीवरून सुरू करा. 'एलएसबीएलके' ने तुमचं रूट पार्टिशन ओळखा, ते /एमएनटी वर माउंट करा, ईएफआय पार्टिशन असेल तर ते /एमएनटी/बूट/ईएफआय वर. मग /डेव्ह, /प्रोक आणि /सिस हे तिन्ही '--आरबाइंड' ने आत जोडा आणि 'सुडो सीएचरूट /एमएनटी'. आता तुम्ही तुमच्याच सिस्टिममध्ये आहात, नेट मात्र लाइव्ह यूएसबीचं. आतून नावं सापडत नसतील तर रिझॉल्व्ह.कॉन्फ बाहेरून आत कॉपी करा. वर सांगितलेले सगळे टप्पे इथूनही तसेच चालतात.

सीएचरूट करताना बॅश समोर असूनही 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आलं, तर बहुधा जीलिबसीचा लोडरच जागेवर नाही. तिथे जोडकाम करत बसू नका. होम फोल्डर उतरवा, /एमएनटी/व्हार/लिब/ॲप्ट/एक्सटेंडेड_स्टेट्स आणि डीपीकेजीची स्टेटस फाइल घ्या, आणि नव्याने बसवा. सीएचरूट चालत असेल तर 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ची यादी फाइलमध्ये काढा. तुम्ही स्वतः मागून घेतलेली आणि इन्स्टॉलरने सुरुवातीला बसवलेली काही पॅकेजं त्यात असतात, म्हणून नव्या सिस्टिमवर ती छाटून पुन्हा देणं अर्ध्या तासाचं काम.

रीबूटच्या आधी

'ॲप्ट-गेट चेक' आणि 'डीपीकेजी --ऑडिट' दोन्हींनी एकही तक्रार करता कामा नये. 'डीपीकेजी --व्हेरिफाय' मूळ पॅकेजापेक्षा वेगळ्या झालेल्या फाइली दाखवतं. /ईटीसी मधल्या काही येणारच, /यूएसआर मधली दिसली तर ते पॅकेज 'ॲप्ट --रीइन्स्टॉल इन्स्टॉल' ने पुन्हा बसवा. मग 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल' आणि 'सुडो अपडेट-ग्रब'. एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर 'डीकेएमएस स्टेटस' बघा. तो नव्या कर्नलसाठी बांधला गेला नसेल तर रीबूटनंतर काळा पडदा दिसेल.

सगळं चालल्यावर ती 'परत' फाइल काढून टाका. १००१ ची पिन कायमची राहिली तर उद्या बाहेरच्या रेपोतून मुद्दाम घेतलेलं पॅकेजही ॲप्ट मुकाट्याने मागे ओढेल.

फेडोरावाल्यांना एवढा खटाटोप नाही. परका रेपो बंद करून 'डीएनएफ डिस्ट्रो-सिंक' म्हटलं की वर-खाली दोन्ही दिशांनी ते जुळवतं. आर्चवर त्यासाठी 'पॅकमन' ला दोनदा 'यू' द्यावा लागतो.

आणि ते टूल?

ते तर अजून हवंच आहे, प्रॅक्टिकल जवळ आलंय. डेबियनवर नवी आवृत्ती हवी असेल तर आधी बॅकपोर्ट्स बघा. ती पॅकेजं तुमच्याच स्टेबलसाठी बांधलेली असतात आणि त्यांची प्रायॉरिटी १०० असल्याने तुम्ही नाव घेतल्याशिवाय येत नाहीत. एडिटर, व्हिडिओ वगैरेंसाठी फ्लॅटपॅक, म्हणजे सिस्टिमच्या पॅकेजांपासून वेगळी बसणारी ॲप. कालीच्या टूलसाठी कालीची अधिकृत डॉकर प्रतिमा (कंटेनर, म्हणजे मूळ सिस्टिमपासून वेगळा डबा, बनवायचा साचा) आहे, 'कालीलिनक्स/काली-रोलिंग' या नावाची. पॉडमन किंवा डॉकर बसवा, ती प्रतिमा ओढा, आत जाऊन 'ॲप्ट अपडेट' करून हवं ते टूल टाका. सुरुवातीला ती जवळजवळ रिकामी असते, टूल आपण टाकायची. वायफाय कार्डाशी थेट बोलणारी टूल असतील तर मात्र व्हर्च्युअल मशीन आणि वेगळं यूएसबी वायफाय कार्ड घ्या. कंटेनरमध्ये त्यासाठी यजमान मशीनचे बरेच अधिकार उघडे करावे लागतात.